दोन आणि चारवर कान ठेवा

जाझवर मराठीत लिहायला बसलं की हात आधी ‘मंत्रमुग्ध’ या शब्दाकडे जातो. मग ‘सुरांची बरसात’, मग ‘रसिक तल्लीन’. माझाही जायचा. गिरगावात तबला शिकत वाढलो, बँकेत नोकरी केली आणि संध्याकाळी एका छोट्या मासिकासाठी जाझच्या मैफलींवर लिहीत राहिलो. पहिली दोनेक वर्षं मी जे लिहिलं ते कुठल्याही मैफलीला चाललं असतं, अगदी भावगीतांच्यासुद्धा. म्हणून पहिलं काम हे की असे शब्द कागदावर आले तर येऊ द्या, पण पहाटे वाचताना खोडा. त्यांच्या जागी काय घालायचं, खरी मेहनत तिथे आहे.

घालायचं ते मोजून मिळतं. एकच ट्रॅक घ्या. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममधला पहिला, ‘सो व्हॉट’, १९५९चा. सुरुवातीची संथ कुजबुज संपली की पॉल चेंबर्सचा बास, म्हणजे खर्जातलं मोठं तंतुवाद्य, एक वाक्य बोलतो आणि बाकीचे दोन सुरांत ‘हूं’ म्हणतात. तिथून हातावर तीनताल धरा. रचना ३२ बारची आहे, बारला चार मात्रा, म्हणजे १२८ मात्रा, म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालाची बरोबर आठ आवर्तनं. पहिली चार एका स्वरावर. पाचव्या आवर्तनाला सगळा डोलारा अर्धा स्वर वर सरकतो, पेटीवरच्या पांढरी दोनवरून काळी दोनवर. सहावं तिथेच, सातव्याला पुन्हा खाली. हे एकदा बोटांना कळलं की सोलो, म्हणजे एकेकाचं वादन, चालू असतानाही आपण कुठे आहोत ते कळतं. माइल्स असे दोन फेरे वाजवतो. एका फेऱ्याला कोरस म्हणतात, गाणाऱ्यांच्या घोळक्याशी त्याचा संबंध नाही. त्याचा सोलो सुरू होताना ड्रमर जिमी कॉबचा झांजेवरचा फटका ऐका. आता लिहा: ‘झांज अजून विरतेय आणि माइल्स मोजके सूर ठेवून थांबतो.’ ‘माइल्सने कमाल केली’ हे वाक्य लिहायची मग गरज पडत नाही.

पेटी काढून बसलात तर आणखी एक गंमत दिसेल. त्या पांढरी दोनला सा मानलं तर तिथल्या आवर्तनांचे सूर काफी थाटाचे आहेत, गंधार-निषाद कोमल. हे वाचकाला जरूर सांगा, त्याला दार उघडून मिळतं. पण ‘माइल्सने राग काफी वाजवला’ असं लिहाल तर कुठलीही गाणारी मावशी तुम्हाला दारातच अडवेल. थाट म्हणजे नुसता सुरांचा डबा. रागाला चलन लागतं, आणि माइल्स काही ते चलन पाळत नाही. आपले शब्द जाझवर वापरायचे ते असे, बसतील तिथवर. पियानोवाल्या डेव्ह ब्रूबेकच्या बँडचं ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांचं म्हणून लोक झपतालाशी नेऊन जोडतात. झपताल दोन-तीन, दोन-तीन असा चालतो. ‘टेक फाइव्ह’ तीन-दोन. तोंडाने बोल म्हणून बघा, लगेच पाय अडखळेल. शिवाय ब्रूबेक १९५८ साली मुंबईत येऊन वाजवून गेला आणि ‘टेक फाइव्ह’ पुढच्या वर्षी रेकॉर्ड झालं, म्हणून त्याचा उगम इथे शोधायचा मोह होतो. तो आवरा. ती रचना मुळात ब्रूबेकची नाहीच, त्याच्या सॅक्सोफोनवाल्याची, पॉल डेझमंडची.

माझी फजिती याच गल्लीतली. एका मैफलीबद्दल मी ठसक्यात लिहिलं की ड्रमर समेवर येतच नव्हता. अंक छापून आला. धोबीतलावच्या एका म्हाताऱ्या गोवेकर बासवाल्याने तो सुनेकडून वाचून घेतला आणि मला घरी बोलावलं. चहा दिला, कपाटातून एक रेकॉर्ड काढून लावली आणि माझं मनगट पकडलं. “तू एकवर काय शोधतोस, बाबा? दोन न् चारवर ऐक.” आणि माझाच हात माझ्या मांडीवर आपटत राहिला, दोनवर, चारवर, दोनवर, चारवर. ड्रमरच्या डाव्या पायाखालच्या झांजा नेमक्या तिथेच ‘चिक’ करून मिटत होत्या. ड्रमर चोख होता. मी सम शोधत बसलो होतो, आणि स्विंगचा झोका त्या दोन-चारवर होता. “अंकल, आता काय करू?” म्हटलं. म्हणाले, “पुढच्या अंकात लिही, तुझं चुकलं.” लिहिलं. त्या चार ओळींना जितकी पत्रं आली तितकी माझ्या एकाही लेखाला आली नाहीत, हे आपलं जाता जाता.

वाद्यं जवळून बघा. मध्यंतरात स्टेजपाशी जा, विचारा. वादक आनंदाने दाखवतात. ट्रम्पेटचा ‘वाँ-वाँ’ असा रडका, माणसासारखा आवाज कशाने येतो? प्लंजरने. मोरी तुंबली की आपण लावतो त्याचं रबरी टोपरं, दांडा काढलेलं. ड्युक एलिंग्टनच्या बँडने त्यावर अख्खी भाषा उभी केली. हे लिहिलंत की वाचकाला आवाज ऐकू येतो. ‘वैशिष्ट्यपूर्ण ध्वनी’ लिहिलंत तर काहीच ऐकू येत नाही.

मुंबईचा इतिहास थोडा आणि खात्रीचा घाला. १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा बँड ताजमध्ये वाजला. १९७८ला रंगभवनात जाझ यात्रा सुरू झाली, सॅक्सोफोनवाला सनी रोलिन्स आला होता. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर काम करत होता, हे मराठी वाचकाला सांगाच. वाचकाच्या कानात ते जाझ लहानपणापासून आहे, फक्त त्याला त्याचं नाव माहीत नाही.

कोण वाजवतंय ते प्रत्येक ट्रॅकला तपासा. ‘काइंड ऑफ ब्लू’वर पियानो बिल एव्हान्सचा, असं सरसकट लिहितात; ‘फ्रेडी फ्रीलोडर’वर विंटन केली आहे. अंधारात वहीत पेन्सिलीने लिहा. फोन उजळला की मागची रांग ओरडते, आणि बरोबरच ओरडते. लेख लोकलमध्ये लिहिलात तरी चालेल, पण घरी गेल्यावर रेकॉर्ड लावून हातावर आवर्तनं पुन्हा एकदा मोजा. मी अजून मोजतो, आणि अजून अधूनमधून सातव्याला चुकतो.