बोलून सांगता न येणाऱ्यांचं पोट: बद्धकोष्ठ ओळखणं आणि सोडवणं

स्वमग्न (ऑटिझम असलेलं) किंवा बौद्धिक अपंगत्व असलेलं मूल एकाएकी डोकं आपटायला लागलं, हाताला चावा घ्यायला लागलं, रात्री-अपरात्री उठून बसायला लागलं, तर वर्तनाच्या गोळीआधी पोट तपासा. कॉटच्या कडेवर पोट दाबून उभं राहणं आणि दोन घास खाऊन ताटावरून उठणं याही पोटाच्याच खुणा. मूल टाचा उंचावून, मांड्या आवळून लालबुंद होतं तेव्हा ते जोर करतंय असं घरच्यांना वाटतं. पुष्कळदा ते शी रोखून धरत असतं, कारण मागच्या वेळी दुखलेलं असतं.

दोन आठवडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर नोंद ठेवा: कधी झाली, किती झाली, कशी झाली. डॉक्टर ज्याला ब्रिस्टल तक्ता म्हणतात त्यात सात प्रकार आहेत. शेळीच्या लेंड्यांसारखी म्हणजे १, गाठी-गाठींची लांबट २, मऊ आणि अखंड ४, निव्वळ पाणी ७. तीन-चार चांगले. आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा होत असेल किंवा १-२ प्रकारची होत असेल तर बद्धकोष्ठ धरा. मोठी माणसं संडासात एकटी जातात आणि तिशीतल्या भावाचं पोट कसं आहे हे घरात कोणालाच ठाऊक नसतं. पाणी ओतायच्या आधी कोणीतरी डोकावलं पाहिजे.

सगळ्यात जास्त फसवते ती पातळ शी. आत घट्ट झालेल्या शीचा खडा अडकलेला असतो आणि वरचं पातळ मळ त्याच्या कडेनं झिरपून चड्डीला लागतं. घरच्यांना वाटतं ढाळ लागले, मग मेडिकलवरून जुलाब थांबवायची गोळी येते. तिनं आतडं आणखी मंदावतं आणि खडा तिथंच राहतो. आधी बरेच दिवस शी नाही आणि मग थोडी-थोडी पातळ, असा क्रम दिसला तर डॉक्टरांना पोट चाचपून बघायला सांगा.

खडा असताना भाज्या आणि कोंडा वाढवू नका. साचलेल्यावर आणखी साचतं. आधी आतडं मोकळं करायचं. त्यासाठी डॉक्टर बहुधा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात. मात्रा त्यांचीच. सांगितलेल्या पाण्यात ती पूर्ण विरघळवा, मगच ताकात किंवा सरबतात मिसळा. ते पाणी आतड्यातच राहतं, म्हणून दिवसाच्या पाण्यात मोजू नका. पहिले काही दिवस कपडे जास्त खराब होतील. शाळेतल्या मावशींना आधीच सांगून ठेवा. पोट साफ झालं की औषध बंद करणं ही नेहमीची चूक. ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला महिने लागतात, मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

एरंडेल नाक दाबून पाजू नका. गिळायला त्रास असलेल्यांच्या श्वासनलिकेत तेल गेलं तर न्यूमोनिया होतो. पॅराफिनच्या औषधाचंही (तेही तेलच, पोट साफ करायला देतात) तेच. इसबगोलही अशांना नको. ते फुगून घशात अडकू शकतं.

जेवणानंतर आतडं आपोआप हलतं. त्याचा फायदा घ्या: न्याहारी आणि रात्रीच्या जेवणानंतर वीसेक मिनिटांनी पाच ते दहा मिनिटं बसवा, रोज त्याच वेळी. उकिडवं बसता येत असेल तर देशी संडास उत्तम. तोल जात असेल तर कमोड आणि पायाखाली पाट, गुडघे कमरेपेक्षा वर. फुगा फुगवायला द्या, पोटाला आपोआप जोर येतो. अंधार, वास, बादलीत पडणाऱ्या नळाचा आवाज यांची भीती असेल तर आधी तीच दूर करा.

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि टँकरच्या दिवसांत पाणी जपून प्यायची सवय लागते. ४ ते ८ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १ ते १.४ लिटर द्रव हवं, उन्हाळ्यात जास्त. तहान सांगता येत नसेल तर खुणेची बाटली ठेवा आणि ती संध्याकाळपर्यंत संपवा.

खाण्यात आपली ज्वारी चांगली आहे. नुसता पांढरा भात आणि बिस्किटं खाणाऱ्याला एकदम भाकरी देऊ नका. आवडीच्या धिरड्यात चमचाभर ज्वारीचं पीठ, आठवड्यानं दोन. पपई किंवा पेरूची फोड ताटात नुसती ठेवा. हात लावला तरी त्या दिवसापुरतं पुरे. दूध अर्ध्या लिटरपेक्षा जास्त होत असेल तर कमी करा, पोट दुधानंच भरतं. गहू-दूध पूर्ण बंद करून स्वमग्नता बरी होते याला ठोस आधार नाही. आधीच चार पदार्थ खाणाऱ्याचे दोन काढून घेतले तर कुपोषण मात्र होतं.

चालू औषधांची चिठ्ठी दाखवा. रिस्पेरिडोन (वर्तनासाठीची गोळी), ट्रायहेक्सिफेनिडिल (हातपाय ताठरणं, थरथरणं यासाठीची), लोहाच्या गोळ्या यांनी बद्धकोष्ठ होतं. स्वतःहून मात्र काही थांबवू नका. फिटची गोळी तर अजिबात नाही.

हिरवी उलटी, फुगून टणक झालेलं पोट, वारा न सरणं, रक्त, ताप, घटणारं वजन यातलं काही दिसलं तर थेट जिल्हा रुग्णालय गाठा. मूल माती, केस किंवा दोरे खात असेल तर तेही तिथं सांगा, कारण आतडं त्यानंही बंद होतं. जाताना ते कॅलेंडर सोबत घ्या.