जुनाट दुखणे आणि कमी कर्बोदकांचा आहार : पुण्यातल्या घरात तो करून कसा पाहावा

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या दुखण्याला वैद्यकात जुनाट म्हणतात. अशा दुखण्याला कमी कर्बोदकांच्या, म्हणजे पिष्ट आणि साखर कमी असलेल्या आहाराने उतार पडतो का, हे पाहायचे असेल, तर सुरुवात स्वयंपाकघरातून न करता भिंतीवरच्या कालनिर्णयापासून करावी. ज्या चौकटीत आपण दुधाचा खाडा लिहितो, त्याच चौकटीत रोज रात्री दोन आकडे लिहावेत : दिवसभराचे दुखणे शून्य ते दहांमध्ये किती होते, आणि वेदनाशामक गोळ्या किती घेतल्या. शिवाय रोजचे एखादे ठरावीक काम कसोटीला धरावे. माझी कसोटी म्हणजे लिफ्ट नसलेल्या आमच्या जुन्या इमारतीचे दोन जिने, भाजीची पिशवी घेऊन आणि कठड्याला हात न लावता चढणे. खाण्यात काहीही न बदलता या नोंदी दोन आठवडे कराव्यात. बहुतेक जण नेमका हाच भाग गाळतात, आणि मग महिनाभराने ‘जरा बरे वाटते आहे’ यापलीकडे त्यांना काही सांगता येत नाही. जुनाट दुखणे आपले आपणही चढते-उतरते, त्यामुळे हा गुण आहाराचा की ओसरलेल्या थंडीचा, हे कळायला मार्ग उरत नाही.

याच दोन आठवड्यांत डॉक्टरांकडे जाऊन यावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना कर्बोदके एकदम कमी केली, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. मधुमेहाच्याच डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांना तर साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतानाही कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याचा गंभीर विकार, होऊ शकतो. रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्राही काही वेळा कमी करावी लागते. मूत्रपिंडाचा विकार, गर्भारपण किंवा टाइप १ मधुमेह असेल, तर हा प्रयोग स्वतःच्या बुद्धीने मुळीच करू नये. तळपायांची आग होत असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे, विशेषतः शाकाहारी असाल किंवा मेटफॉर्मिन बरीच वर्षे चालू असेल तर. कमतरता बी-१२ची असेल, तर भात सोडून ती भरून निघणार नाही. दुखण्याबरोबर ताप, कारण नसताना घटणारे वजन, पायातली शक्ती जाणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही असेल, तर आहाराचा विचार बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठावा.

या आहाराकडून अपेक्षा किती ठेवावी? २०२० साली अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाच्या संशोधकांनी गुडघ्याची झीज असलेल्या ६५ ते ७५ वयाच्या २१ जणांवरचा १२ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कमी कर्बोदके खाणाऱ्या गटाला उठबस करण्यासारख्या हालचालींत होणाऱ्या वेदना कमी झाल्याचे दिसले. माणसे एकवीसच, हे विसरू नये. वजन उतरण्याचा फायदा मात्र पक्का आहे : शरीराचे एक किलो कमी झाले, की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. म्हणून स्थूल माणसाच्या गुडघेदुखीत या आहाराला मी झुकते माप देईन. सडपातळ माणसाच्या पाठदुखीत आशा बेताचीच ठेवीन.

आता ताटाकडे येऊ. सकाळी पोह्यांची भरलेली बशी म्हणजे अंदाजे ४५ ग्रॅम कर्बोदके, दोन चमचे साखरेच्या दोन चहांतून सुमारे २०, दुपारच्या तीन पोळ्यांतून ५०, वाटीभर भातातून ३० आणि वरणातून १५. संध्याकाळचा चहा-बिस्किटे आणि रात्रीचे जेवण धरले, तर गोड पदार्थ न खाणारा माणूसही दिवसाला अडीचशेच्या पुढे सहज जातो. सर्वसाधारणपणे १३० ग्रॅमच्या खालच्या आहाराला कमी कर्बोदकांचा म्हणतात. अलाबामातील गटाची मर्यादा ४० ग्रॅमच्या आसपास होती, पण आपल्याकडे घरच्या घरी तिथे उडी मारण्याची मी शिफारस करणार नाही. पहिल्या खेपेला शंभर ते सव्वाशे पुरे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पोळी सोडून ज्वारीची भाकरी धरली म्हणजे कर्बोदके सुटली, असे मानणारे पुण्यात घरोघरी आहेत. भाकरी चांगली, चोथाही देते. परंतु ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅममागे जवळपास ७० ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे गव्हाइतकीच. उपवासाचे तर विचारूच नये : साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, आणि एकादशीच्या एका बशीत दिवसभराचा हिशेब कोलमडतो.

बदल एकदम न करता न्याहारीपासून करावा. पोहे-उपम्याच्या जागी दोन अंड्यांचे ऑम्लेट किंवा पनीरची भुर्जी, आणि सोबत काकडी. आठवड्याने दुपारचा भात बंद करून पोळी एकावर आणावी, आणि त्यानंतरच्या आठवड्यात रात्रीच्या जेवणाला हात घालावा. रिकामी झालेली जागा भाजीने भरली नाही, तर चौथ्या दिवशी माणूस फरसाणाच्या डब्याशी सापडतो. मंडईतून आणलेली मेथी, चाकवत, दोडका, भेंडी, फ्लॉवर, वांगी यांची भाजी चमचाभर न वाढता वाटी-दोन वाट्या वाढावी. बटाटा, रताळे, सुरण सध्या टाळावेत. शाकाहाऱ्यांनी पनीर, दही, टोफू आणि बेताने मटकीची उसळ खावी, इतरांना अंडी, मासे, कोंबडी आहेतच. फोडणीत तेल नेहमीइतके चालेल, शेंगदाण्याचे कूटही चालेल, पण तुपाची वाटी तोंडाला लावण्याचे कारण नाही. चहातील साखर दर दोन दिवसांनी पाव चमच्याने कमी केली, तर जिभेला पत्ताही लागत नाही. अमृततुल्यात मात्र चहा साखर घालूनच उकळलेला असतो, तेव्हा तिथला एक कप हिशेबात धरूनच प्यावा.

पहिल्या आठवड्यात वजन दोन किलोंनी उतरले, तर पेढे वाटू नयेत. शरीरात साठलेल्या ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे साखरेच्या साठ्याबरोबर, पाणी धरलेले असते, तेच बाहेर पडते, आणि त्याच्यासोबत मीठही जाते. म्हणून डोके दुखते, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि नेमके याच वेळी ‘दुखणे वाढले’ असे वाटून प्रयोग सोडला जातो. रक्तदाबाचा वा मूत्रपिंडाचा त्रास नसेल, तर चिमूटभर मीठ घातलेले ताक दिवसातून दोनदा प्यावे. बद्धकोष्ठ झाले, तर भाजी आणि पाणी वाढवावे. गाऊट (युरिक अॅसिड साचून होणारी सांधेदुखी) असलेल्यांनी जास्त सावध राहावे, कारण सुरुवातीला युरिक अॅसिड वाढू शकते.

वेदनाशामक गोळ्या पहिल्या दिवसापासून बंद करण्याचा मोह टाळावा. त्या कमी करायच्याच, तर डॉक्टरांना सांगून, आणि नोंदीतले आकडे दोन-तीन आठवडे सलग उतरल्यावर. चालण्याचा वा व्यायामाचा क्रमही याच काळात बदलू नये, नाहीतर श्रेय कोणाला द्यायचे याचा पुन्हा घोळ होतो.

आठ ते बारा आठवड्यांनी कालनिर्णयाची पाने शेजारीशेजारी ठेवून सुरुवातीच्या दोन आठवड्यांची सरासरी शेवटच्या दोन आठवड्यांशी ताडून पाहावी. फरक एका अंकाहून कमी असेल, तर हा आहार आपल्या दुखण्यासाठी नाही, असे समजून साधे घरचे जेवण पुन्हा सुरू करावे. फरक दोन अंकांचा असेल, तर रोजची एक भाकरी पंधरा दिवस परत आणून पाहावी, आणि आकडे हलले नाहीत, तर ती ताटातच राहू द्यावी.