बेसमेंट करायला घेण्याआधी एक अख्खा एप्रिल जाऊ द्या

शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिल-ऑरोराच्या पट्ट्यात मराठी माणसानं घर घेतलं की वास्तुशांतीच्या जेवणावरच कुणीतरी विचारतं, "मग, बेसमेंट कधी करताय?" (म्हणजे घराखालच्या कच्च्या तळघराला भिंती, छत, जमीन घालून ते वापरण्याजोगं कधी करताय.) विचारणाऱ्याचा डोळा कशावर आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. गणपतीची आरती, मंडळाच्या एकांकिकेच्या तालमी, बाहेर गुडघाभर बर्फ असताना पोरांचा दंगा, रात्री उशिरापर्यंत रंगणारं कराओके, या सगळ्याला जागा लागते ती कुणाच्या तरी बेसमेंटचीच. आम्ही आमचं बरंचसं स्वतः केलं, नंतर मैत्रिणींच्या बेसमेंटमध्येही हात काळे केले, आणि तेव्हापासून फोन येत असतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

फोन करणारा बहुधा टीव्ही किती इंची घ्यावा इथून सुरुवात करतो. (आमच्या घरीही ते खातं नवऱ्याकडे होतं, पन्हळ, पंप आणि परमिट माझ्याकडे.) माझा क्रम उलटा आहे. आधी पाणी, मग हवा, मग बाहेर पडायची वाट, मग भिंती. टीव्ही सगळ्यात शेवटी. तोवर तो स्वस्तही झालेला असतो.

आधी पाणी

इथल्या घरांना बेसमेंट असतं ते थंडीमुळे. या भागात जमीन ४२ इंचांपर्यंत गोठू शकते असं धरून पाया त्याच्याही खाली न्यावा लागतो. एवढं खणायचंच आहे, तर आणखी थोडं खणून एक मजलाच काढून घेतात. म्हणजे तुमची करमणुकीची खोली हा मुळात चिकणमातीत पुरलेला काँक्रीटचा हौद आहे, फक्त पाणी बाहेर आणि माणसं आत. ते तसंच राहावं ही सगळी खटपट.

बर्फ वितळून जमीन आधीच तुडुंब असते आणि त्यावर एप्रिल-मेचा पाऊस कोसळतो. बेसमेंटची खरी परीक्षा तेव्हा होते. नवं घर असेल तर तो एक मोसम काहीही न करता जाऊ द्या. प्रत्येक मोठ्या पावसानंतर टॉर्च घेऊन खाली जा आणि भिंत व जमीन मिळते ती कड बघा, खिडक्यांचे कोपरे बघा, पाइप भिंतीतून आत येतात तिथे बोट फिरवून बघा. भिंतीवर पांढरे क्षार फुटलेले दिसले तर तिथून पूर्वी ओल येऊन गेली आहे असं समजा, मग ती आत्ता कोरडी का असेना.

बारीक उभी भेग दिसली म्हणून घाबरू नका. काँक्रीट वाळताना आक्रसतं, तशा भेगा बहुतेक घरांत असतात आणि इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन इंजेक्ट करून बुजवता येतात. भेग आडवी असेल किंवा भिंत आत फुगल्यासारखी वाटत असेल, तर मात्र कॉन्ट्रॅक्टरला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा.

जमिनीची ओल डोळ्यांना दिसत नाही. तिच्यासाठी दीड-दोन फुटांचा जाड प्लास्टिकचा चौकोन घ्या, चारही कडा डक्ट टेपनं काँक्रीटला घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. उचलल्यावर खालच्या बाजूला थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट झालेलं असलं तर ओल जमिनीतून वर येते आहे. थेंब प्लास्टिकच्या वरच्या बाजूला असतील तर जमीन ठीक आहे, हवा दमट आहे. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून ही चाचणी सोडू नका. एका जागी करून भागत नाही. मध्ये, कोपऱ्यात आणि संप पंपाजवळ (जमिनीतल्या खड्ड्यात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप) अशी तीन ठिकाणी करा.

निम्मं काम तर घराबाहेरच असतं. पन्हळी साफ हव्यात, त्यांचे खाली उतरणारे पाइप जोडून पाणी पायापासून सहा-आठ फूट लांब सोडायला हवं, आणि घराभोवतीच्या मातीला बाहेरच्या बाजूला उतार हवा, पहिल्या दहा फुटांत सहा इंच. दरवर्षी हौसेनं मल्च (झाडांभोवती घालायचा लाकडाचा चुरा) टाकून टाकून हाच उतार उलटा झालेली घरं मी पाहिली आहेत. हजारो डॉलरचं वॉटरप्रूफिंगचं कोटेशन सही करण्याआधी फावडं घेऊन हे करून बघा.

संप पंपाच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. फ्लोट (पाण्यावर तरंगणारा खटका) वर उचलला जाऊन पंप सुरू झाला पाहिजे आणि पाणी ओढून बंदही झाला पाहिजे. त्याला बॅटरीवर चालणारा जोडीदार असलाच पाहिजे, कारण वीज जाते ती वादळात, आणि पंपाची गरजही नेमकी तेव्हाच असते.

रेडॉन आणि परमिट

रेडॉन हा जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू. त्याला ना वास ना रंग. अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल त्याचा नंबर लागतो. हार्डवेअरच्या दुकानात साधं किट मिळतं. दारं-खिडक्या बंद ठेवून ते काही दिवस खाली ठेवायचं आणि लॅबला पाठवायचं. लिटरला ४ पिकोक्युरी किंवा जास्त आकडा आला की पर्यावरण खातं उपाय करायला सांगतं. उपाय म्हणजे बेसमेंटच्या काँक्रीटच्या जमिनीखालून हवा ओढून छपरावर सोडणारा एक पाइप आणि पंखा. हा पाइप भिंती उभ्या राहण्याआधी बसवला तर कोपऱ्यात गुपचूप जातो. नंतर बसवायचा तर तुमच्या नव्याकोऱ्या छतातून भोक.

परमिटबद्दल आपल्या लोकांत एक कुजबुज असते, "कोण बघतंय खाली?" घर विकताना घेणारा बघतो, आणि काही विपरीत घडलं तर विमा कंपनीही बघते. शिवाय परमिटच्या फीमध्ये एक अनुभवी इन्स्पेक्टर तुमच्या वायरिंगवर नजर टाकून जातो, ते काही कमी नाही. नियम गावागणिक बदलतात, त्यामुळे सिटी हॉलमध्ये कागद घेऊन जा आणि विचारा. शिकागोत आणि आसपासच्या अनेक गावांत वायर नुसती लाकडातून ओढता येत नाही, स्टीलच्या कॉन्ड्युटमधूनच (नळीतूनच) न्यावी लागते. टेक्सासच्या चुलतभावाचा व्हिडिओ बघून माल आणू नका. आणि तपासणी होईपर्यंत ड्रायवॉलचा (फ्रेमवर मारायच्या जिप्समच्या बोर्डांचा) एक तुकडाही मारू नका.

बाहेर पडायच्या वाटेवर मात्र कुणाचंही ऐकू नका. खाली राहती खोली करायची तर आगीच्या वेळी माणूस बाहेर पडेल अशी खिडकी किंवा दार लागतं. बांधकामाच्या नमुना नियमावलीत खिडकीची उघडी जागा किमान ५.७ चौरस फूट, उंची किमान २४ इंच, रुंदी किमान २० इंच, आणि खालची कड जमिनीपासून ४४ इंचांच्या आत. यात एक मेख आहे. २४ गुणिले २० केलंत तर साडेतीन चौरस फूटही भरत नाहीत. म्हणजे दोन्ही मापं किमान घेऊन चालत नाही, एक तरी बरंच वाढवावं लागतं. खिडकी विकणाऱ्याला काचेचं नव्हे, उघडल्यावर उरणाऱ्या मोकळ्या जागेचं माप विचारा. नवी खिडकी कापायचं काम पायाच्या भिंतीत असतं, ते ज्याचं रोजचं आहे त्यालाच द्या.

भिंती, छत, जमीन

थंड काँक्रीटला लागून थेट फायबरग्लासचा कापूस आणि वर प्लास्टिकचा कागद, ही इथली जुनी पद्धत. खोलीतली दमट हवा काँक्रीटपर्यंत पोचते, तिथे पाणी होतं, आणि प्लास्टिकमुळे ते वाळतही नाही. मग बुरशी. त्यापेक्षा दोन इंची कडक फोमचे बोर्ड थेट काँक्रीटला चिकटवा, सांधे टेपनं बंद करा आणि त्याच्या पुढे लाकडाची फ्रेम उभी करा. प्लास्टिक नको. वर जिथे जमिनीच्या तुळयांची टोकं पायावर टेकतात, तिथल्या कप्प्याकप्प्यात फोमचे तुकडे कापून बसवा आणि कडेनं स्प्रे फोम मारा. काम किचकट आहे, पण हिवाळ्यातलं गार वारं तिथूनच शिरतं.

फ्रेमची काँक्रीटवर टेकणारी पट्टी प्रेशर-ट्रीटेड लाकडाची घ्या. ड्रायवॉल जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवा. ती फट भिंतीच्या तळाशी बाहेरून लावायच्या बेसबोर्डच्या पट्टीमागे झाकली जाते आणि थोडं पाणी आलंच तर ते वर शोषलं जात नाही. टीव्ही, आरसा, कपाट, जिन्याचा कठडा येणार तिथे ड्रायवॉलच्या मागे प्लायवूड मारून ठेवा. विटांच्या भिंतीत खिळा कुठेही ठोकायची आपल्याला सवय. ड्रायवॉलमध्ये जड वस्तू टांगली की ती भिंतीचा लचका घेऊन खाली येते. सगळं झाकण्याआधी प्रत्येक भिंतीला मेजर टेप लावून फोटो काढा.

छताबाबत माझं मत ठाम आहे. सुट्या, उचलून काढता येणाऱ्या चौकोनी टाइलचं ड्रॉप सीलिंग करा. ऑफिससारखं दिसतं, हे मान्य. पण वर स्वयंपाकघर आणि बाथरूम आहे, त्यांचे पाइप आणि व्हॉल्व्ह याच छतात आहेत, आणि कधीतरी तिथे हात घालावा लागणारच. वायरच्या जंक्शन बॉक्सपर्यंत पोचता यायला हवं, हा तर नियमच आहे. ड्रॉप सीलिंगमुळे उंची सात फुटांखाली जात असेल, तर छत उघडंच ठेवून सगळं काळं रंगवा. वरच्यांना झोपायचं असेल तर तुळयांच्या मध्ये आवाज अडवणारं मिनरल वूल भरा. ढोलकी पूर्ण थांबत नाही, पण भांडण होण्याइतकी ऐकूही येत नाही.

जमिनीला भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट नको. व्हिनाइलच्या फळ्या घाला, आणि आपण जमिनीवर बसणारी माणसं असल्यानं त्यांच्याखाली फोम लावलेले सबफ्लोर पॅनेल जरूर घाला. नुसत्या काँक्रीटवर सतरंजी टाकून दोन तास भजनाला बसलात तर गुडघे आठवडाभर बोलतात. मात्र या पॅनेलनं जमीन इंचभर उचलली जाते आणि जिन्याची शेवटची पायरी तेवढी बुटकी होते. पायऱ्यांच्या उंचीत ३/८ इंचाहून जास्त फरक चालत नाही. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येणार असतील तर हा नियम कागदावरचा राहत नाही. कठडाही दोन्ही बाजूंना लावा. हे गणित पॅनेल विकत घेण्याआधी करा.

मोकळी जागा

डिझायनर तुम्हाला खाली थिएटर रूम, जिम, ऑफिस आणि बार असे चार कप्पे काढून दाखवेल. कागदावर छान दिसतात. तीस-चाळीस माणसं आरतीला आली की प्रत्येक कप्प्यात दहा जण, आणि गणपती एकालाच दिसतो. एक मोठा हॉल ठेवा. मधले लोखंडी खांब घराचं वजन पेलतात, त्यांना हात लावू नका. गोल कट्टा करून त्यांच्याभोवती चहाचे कप ठेवायला जागा करा. बसायला उचलता येतील असे सोफे, गाद्या आणि लोड. चार रिक्लायनरच्या दोन ओळी एकदा स्क्रू केल्या की तालीम, गरबा, पंगत सगळं बाद.

स्क्रीन १०० इंची असेल तर ती सव्वासात फूट रुंद होते आणि बसायला दहा ते तेरा फूट अंतर बरं पडतं. टेबल टेनिसचं टेबल नऊ बाय पाच फुटांचं, पण खेळायला साधारण एकोणीस बाय अकरा फूट मोकळे हवेत, त्यामुळे घडी होणारंच घ्या. कॅरमसाठी एक वेगळी जागा ठरवा आणि बोर्डाच्या बरोबर मधोमध, बसलेल्याच्या डोळ्यांत जाणार नाही इतका खाली, टोपीचा दिवा सोडा. छतातल्या दिव्यांखाली खेळलं की आपल्याच हाताची सावली स्ट्रायकरवर पडते. बोरिक पावडर व्हिनाइलवर सांडली की माणूस सरळ घसरतो. बोर्डाखाली जुनी चटई टाका.

नियमानं भिंतीवरची कुठलीही जागा प्लगपासून सहा फुटांहून लांब असता कामा नये. तुम्ही त्याहून जास्त प्लग घ्या, आणि जेवण मांडायच्या भिंतीला दोन वेगळी वीस अँपियरची सर्किट द्या. चहाची किटली, वॉर्मर आणि स्लो कुकर एकाच सर्किटवर लागले की ऐन 'घालीन लोटांगण'ला अंधार होतो.

उन्हाळ्यात आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. डिह्युमिडिफायरची नळी संपच्या खड्ड्यात सोडा, बादली रिकामी करायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही. दमट हवेत तबल्याची पुडी सैल पडते आणि सूर उतरतो, पेटीच्या पट्ट्या अडकतात. वाद्यं खाली ठेवणार असाल तर त्यांच्याजवळच आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर टांगा. फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) आणि वॉटर हीटरला कोंडू नका, पुढे तीस इंच जागा आणि जळण्यापुरती हवा हवी. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म खालचा वाजला की वरचेही वाजतील असा जोडून घ्या.

आणि सगळं बेसमेंट सजवू नका. चौथा हिस्सा कच्चा ठेवून तिथे जमिनीपासून वर असलेले लोखंडी रॅक लावा: भारतवारीच्या बॅगा, मखर, पातेली, तांदळाची पोती. मखर किंवा टेबल टेनिसचं टेबल अशी मोठी वस्तू जिन्याच्या वळणातून जाते का, ते पुठ्ठ्याचा तेवढाच तुकडा कापून आधी फिरवून बघा, खालच्या दाराची चौकट त्यानंतर बसवा. शेवटची तपासणी झाली की सही झालेला कागद, भिंतींचे फोटो आणि उरलेल्या व्हिनाइलची एक पेटी त्याच रॅकवर ठेवा.