सिंगापूरला बदली होतेय आणि मुलांना चायनीज शिकवायचंय? प्रायमरी शाळा अशी निवडा (खास बडोदेकरांसाठी)

बडोद्यातून सिंगापूरला जाणारी मराठी घरं आता बरीच झालीत, कोणी आयटीमध्ये, कोणी केमिकल प्लांटच्या डिझाइनमध्ये, कोणी बँकेत, आणि बदलीचं पक्कं झालं की पहिला प्रश्न शाळेचाच येतो. हल्ली त्यात भर म्हणजे "जातोच आहोत तर पोरांना चायनीज पण नीट येऊ दे". मला हे मनापासून पटतं, लहान वयात जी भाषा कानावर पडते ती मोठेपणी क्लास लावून तशी येत नाही. फक्त होतं काय की लोक आधी शाळेचं नाव धरून बसतात आणि बाकीचं नंतर बघतात. ते उलटं करा.

आधी ठरवा, किती वर्षं राहणार

सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे आणि यावरच कोणी बोलत नाही. दोन-तीन वर्षांनी परत यायचं असेल तर चायनीजवर जोरदार भर असलेल्या शाळेचा हट्ट धरू नका असं माझं स्पष्ट मत आहे. कारण परत आलात की इथे गुजरातच्या २०२३ च्या कायद्याप्रमाणे पहिली ते आठवी गुजराती कंपल्सरी आहे, बोर्ड कुठलंही असो. आणि चायनीज पुढे चालू ठेवायची सोय इथल्या शाळांमध्ये सहज मिळत नाही, नवीन शिक्षण धोरण २०२० मध्ये परदेशी भाषांची जी उदाहरणं दिलीत त्यात कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन वगैरे आहेत, चायनीज नाही. म्हणजे मूल दोन्हीकडून अर्धवट राहायची भीती. पाच-सहा वर्षं किंवा जास्त राहणार असाल तर मात्र गोष्ट वेगळी, मग खुशाल मनावर घ्या.

मग बघा, प्रवेश मिळू शकतो का

सिंगापूरच्या सरकारी शाळांत पहिलीचे प्रवेश फेजप्रमाणे होतात. नागरिकांना आधी, पीआरवाल्यांना (म्हणजे ज्यांना तिथे कायम राहायची परवानगी आहे) त्यांच्या मागोमाग, आणि आपल्यासारखे जे वर्क पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर जातात त्यांच्या मुलांचा नंबर एकदम शेवटी, फेज ३ मध्ये, उरलेल्या जागांवर. ज्या शाळांची नावं तुम्ही ऐकलेली असतात त्यांच्या जागा त्याआधीच, कधी कधी तर ड्रॉ काढून, भरलेल्या असतात. पहिलीच्या पुढे दुसरी ते पाचवीत जायचं असेल तर परदेशी मुलांना एईआयएस नावाची परीक्षा द्यावी लागते, इंग्लिश आणि गणिताची, आणि पास झालं तरी शाळा तिथली शिक्षण मिनिस्ट्री देते, आपण निवडत नाही. त्यामुळे पीआर नसेल तर लिस्टमध्ये एकाच शाळेवर जीव टाकू नका. दुसरा रस्ता प्रायव्हेट इंटरनॅशनल शाळांचा, काही ठिकाणी दोन भाषांचा प्रोग्राम असतो, उदाहरणार्थ कॅनेडियन इंटरनॅशनल स्कूलमध्ये चायनीज-इंग्लिश बायलिंग्वल आहे, पण फीचा आकडा बघून आणि कंपनी किती देते ते एचआरला लेखी विचारूनच पुढे जा.

वयाचं गणित पण इथेच करून टाका. गुजरातमध्ये १ जूनला ६ पूर्ण असतील तर पहिली. सिंगापूरचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि ज्या वर्षी मूल ७ चं होतं त्या वर्षी पहिली (२ जानेवारी ते पुढच्या १ जानेवारीपर्यंतचा जन्म). म्हणजे ऑक्टोबर २०१९ चा जन्म असलेलं मूल बडोद्यात जून २०२६ ला पहिलीत जाणार, पण सिंगापूरला त्याची पहिली जानेवारी २०२६ लाच, आणि तिथलं रजिस्ट्रेशन त्याच्या आदल्या वर्षीच होऊन जातं. इथे सीनियर केजीत आहे म्हणून निवांत राहिलात तर तारीख निघून जाते.

"चायनीजवर भर" म्हणजे नक्की काय

तिथे यासाठी एसएपी शाळा म्हणून प्रकार आहे, स्पेशल असिस्टन्स प्लॅन. १९७९ मध्ये सुरू झाला, जुन्या चायनीज शाळांची परंपरा टिकावी म्हणून, आणि आज अशा १५ प्रायमरी शाळा आहेत: नानयांग, ताओ नान, आय टोंग, नान हुआ, पेई चुन वगैरे. त्यात रेड स्वस्तिक नावाची पण एक आहे, नाव वाचून आपल्याकडचे लोक थबकतात, ती १९५१ साली वर्ल्ड रेड स्वस्तिक सोसायटी या सेवाभावी संस्थेने काढलेली शाळा. या शाळांमध्ये गणित-सायन्स चायनीजमध्ये शिकवतात असा खूप जणांचा समज असतो, तसं नाहीये, माध्यम इंग्लिशच. फरक हा की मातृभाषा विषय (इंग्लिशसोबत घ्यायचा दुसरा भाषा-विषय) म्हणून तिथे फक्त चायनीजच मिळतं, आणि शाळेतले कार्यक्रम, सणवार, कॅलिग्राफी, गोष्टी सांगणं हे सगळं त्या वळणाचं असतं.

इथेच आपल्या बडोदेकरांपुढे एक खरा फाटा येतो. सिंगापूरमध्ये तमिळ तर आहेच, शिवाय हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू या भाषा पण मातृभाषा विषय म्हणून घेता येतात. मराठी नाही. आपल्या मुलांना गुजराती तर सोसायटीत खेळता खेळताच येतं, म्हणजे साध्या शाळेत गुजराती घेतलं तर मार्कांना सोपं आणि परत आल्यावर पण उपयोगी. एसएपी शाळेत तो पर्याय बंद. आणि पीएसएलईत, म्हणजे प्रायमरी संपताना सहावीत होणाऱ्या मोठ्या परीक्षेत, इंग्लिश, गणित, सायन्स, मातृभाषा या चारही विषयांना सारखंच वजन आहे, म्हणजे पाव रिझल्ट चायनीजवर. ज्या मुलांच्या घरी आजी-आजोबा मँडरिन (शाळेत शिकवतात ती चायनीज हीच) बोलतात त्यांच्या बरोबरीने आपलं मूल बसणार. तरीही जायचं असेल तर डोळे उघडे ठेवून जा, पण आजीला काय वाटेल, ग्रुपवर काय सांगू, यासाठी नको.

आपल्या मुलांचा कान

आता आनंदाची गोष्ट. मराठी मुलांना मँडरिनचे काही उच्चार इंग्लिश बोलणाऱ्यांपेक्षा सोपे जातात. चायनीज रोमन लिपीत लिहायची जी पद्धत आहे, पिनयिन, १९५८ पासूनची, तिच्यात बी लिहिलं तरी उच्चार आपल्या प चा, आणि पी लिहिलं की ओठ मिटून म्हटलेला फ. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. हा फरक आपण बाराखडीतच शिकलेलो असतो. झेड लिहिलं की चमच्यातला च, जे लिहिलं की चहातला च, तो पण फरक आपल्या तोंडात आहेच. अवघड जातात ते सूर. "माय" हा एकच आवाज, खाली जाऊन वर आणला तर विकत घेणे, वरून खाली झटकन टाकला तर विकणे. हे आईबाबांनी पुस्तकात बघून शिकवू नका, चुकीचा सूर एकदा बसला की काढणं फार कठीण, मुलांना ऐकू द्या.

शाळेत गेलात (किंवा व्हिडिओ कॉलवर बोललात) की काय विचारायचं

"तुमचं चायनीज स्ट्राँग आहे का" असं विचारू नका, हो म्हणतील. विचारा की घरी चायनीज न बोलणारी मुलं वर्गात किती आहेत, त्यांना वेगळा ग्रुप किंवा जादा तास मिळतो का, आणि पहिलीत पिनयिन शून्यापासून शिकवतात की मुलांना येतं असं धरून चालतात. टिंगशिए दर आठवड्याला किती शब्दांचं असतं ते पण विचारा. टिंगशिए म्हणजे टीचर शब्द बोलणार आणि मुलांनी अक्षरं लिहायची, सिंगापूरच्या प्रत्येक घरात या शब्दाची धास्ती असते. पहिली-दुसरीत मार्कांच्या परीक्षा नसतात, म्हणून ही दोन वर्षं रुळायला मिळतात, ती वाया घालवू नका.

शक्य झालं तर एखाद्या मुलाची वही बघायला मागा. चौकोनात चौकोन आखलेली वही असते, एका चौकोनात एक अक्षर. "तोंड" हे अक्षर बघायला साधा चौकोन, चार रेघा वाटतात, पण लिहायचं तीन स्ट्रोकमध्ये: आधी डावी उभी, मग वरची आडवी आणि उजवी उभी न उचलता एकदम, शेवटी खालची. टीचरने लाल पेनने स्ट्रोकचा क्रम सुधारलेला दिसला तर समजा की पाया नीट घेतायत. नुसतंच "व्हेरी गुड" चे स्टिकर असतील तर मला शंका येते.

घराचा पत्ता शाळेच्या आधी नको. प्रवेशात १ किमीच्या आतल्या घरांना प्राधान्य असतं (पीआर असाल तर हे फार कामाचं), आणि शाळा सकाळी साडेसातच्या सुमाराला भरते, त्यामुळे दोन-तीन शाळा ठरवा, मिनिस्ट्रीच्या वेबसाइटवर स्कूलफाइंडर आहे, तिथे त्यांच्या भाषा तपासा, मग त्यांच्या आसपास भाड्याचं घर शोधा.

बडोद्यात असतानाच सुरू करा

जायच्या आधी सहा महिने मिळाले तर ऑनलाइन मँडरिन टीचर लावा, आठवड्यातून दोनदा अर्धा तास पुरे, पण रोज पंधरा मिनिटं कार्टून किंवा गाणी मँडरिनमध्ये चालू राहू द्या. टीचरला आधीच सांगा की सरलीकृत अक्षरं हवीत, कारण सिंगापूरला तीच चालतात, हाँगकाँग-तैवानची पारंपरिक नकोत. मुलांसाठी वायसीटी नावाची परीक्षा असते, पहिल्या लेव्हलला फक्त ८० शब्द. परीक्षा दिली नाही तरी चालेल, ते ८० शब्द कानाला आणि तोंडाला बसले की पहिल्या दिवशी वर्गात मूल घाबरून बसत नाही. आणि घरात मराठी अजिबात सोडू नका, तिथल्या शाळेत ती कोणी शिकवणार नाही, ते काम आपलंच आहे.