हिरड्यांसाठी कॅलेंडुला: माझा अनुभव

ब्रश केला की बेसिनमध्ये रक्त दिसायचं. दातांच्या डॉक्टरांनी आधी दातांवरचं कीटण काढलं. खरा उपाय तोच, हे आधीच सांगते. पण हिरड्या हुळहुळत राहिल्या, म्हणून त्यांना विचारून कॅलेंडुलाच्या मदर टिंक्चरच्या, म्हणजे अल्कोहोलमध्ये काढलेल्या मूळ अर्काच्या, चुळा सुरू केल्या.

कॅलेंडुला हे दक्षिण युरोपाकडचं फुलझाड. दसऱ्याच्या तोरणातला आपला झेंडू वेगळा, त्याचा अर्क घरी करायला जाऊ नका. कॅलेंडुलाची फुलं अल्कोहोलमध्ये भिजवतात, कारण त्यातले राळेसारखे घटक नुसत्या पाण्यात नीट उतरत नाहीत. म्हणूनच थेंब पाण्यात पडले की पाणी किंचित गढुळतं. अर्क खराब झालाय असं समजू नये.

अर्धा कप कोमट पाण्यात दहा-बारा थेंब, रात्री ब्रश झाल्यावर मिनिटभर खुळखुळवून थुंकायचं. गिळायचं नाही. नुसता अर्क लावला तर अल्कोहोलमुळे जाम झोंबतो. हळूहळू हुळहुळ गेली, रक्तही थांबलं.

शेवंती, सूर्यफूल यांची ॲलर्जी असेल तर मात्र वापरूच नका, ही सगळी एकाच कुळातली. गरोदरपणात आणि लहान मुलांसाठी डॉक्टरांना विचारा.