रेंजसाठी रायफलची गोळी निवडताना या चुका टाळा

स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेमबाजी) कांस्यपदक जिंकलं, आणि पुण्यातल्या पालकांच्या तोंडी '.२२' हा शब्द आला. बालेवाडीच्या रेंजवर मुलाला घेऊन आलेल्या बाबांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "यातली सगळ्यात पॉवरफुल कोणती?" निवड चुकते ती इथेच.

रेंजवर ताकद मोजायची नसते. बोअर, म्हणजे नळीच्या आतला व्यास, ठरवते ती तुमची स्पर्धा. १० मीटरला ४.५ मिमीची एअर रायफल, ५० मीटरला ५.६ मिमीची .२२ लाँग रायफल (हे काडतुसाचं नाव), आणि ३०० मीटरला ८ मिमीपर्यंतची सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर पिन आदळते अशी). .३१५ ची देशी स्पोर्टिंग रायफल घरात वडिलोपार्जित असेलही, पण ५० मीटरच्या स्पर्धेत तिला जागा नाही. तिचा धक्का खाऊन नवशिक्याचा खांदा ट्रिगर दाबण्याआधीच दचकायला शिकतो, आणि ती खोड काढायला फार वेळ जातो. .२२ ला धक्का जवळजवळ नसतो, त्यामुळे गोळी बाहेर गेली तर चूक पोझिशनची, श्वासाची की ट्रिगरची, हे लगेच कळतं.

एअर रायफलबाबत एक गैरसमज सर्रास दिसतो: हवेची आहे, म्हणजे परवाना नको. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार बोअर ४.५ मिमीपेक्षा जास्त असेल किंवा ऊर्जा २० जूलच्या वर जात असेल, तर परवाना लागतो. म्हणजे .२२ बोअरची एअर रायफल घ्यायची तर आधी परवाना. .२२ च्या काडतुसांचा हिशेब तर परवान्यावर नाहीतर क्लबच्या रजिस्टरमध्ये असतोच. मित्राकडून दोन डब्या 'उसन्या' घेण्याचा विचारही करू नका.

नावावर जाऊ नका, हेही सांगायला हवं. .२२ शॉर्ट, .२२ लाँग रायफल आणि .२२ मॅग्नम ही वेगवेगळी काडतुसं आहेत. मॅग्नमची केस (काडतुसाचं धातूचं आवरण) जाड आणि लांब असते, ती लाँग रायफलच्या चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) बसत नाही. उलट केलंत, तर लाँग रायफलचं काडतूस मॅग्नमच्या चेंबरमध्ये सैल बसतं आणि केस फाटू शकते. नळीवर कोरलेलं आणि डबीवर छापलेलं जुळतंय ना, हे प्रत्येक वेळी बघा.

आता वेगाबद्दल, कारण पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात. 'हाय व्हेलॉसिटी' लिहिलेली डबी बघून वाटतं, वेगवान गोळीला वारा कमी ढकलेल. .२२ च्या बाबतीत नेमकं उलटं होतं. हाय व्हेलॉसिटी गोळी नळीतून साधारण ३८० मीटर प्रति सेकंदाने निघते, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगाने. वाटेत तिचा वेग झपाट्याने उतरतो, ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा अडथळा खूप वाढतो, आणि वारा तिला जास्त सरकवतो. मॅचची गोळी म्हणूनच मुद्दाम ३२०-३३० च्या आसपास ठेवलेली असते. नव्याने शिकणाऱ्याने साधी स्टँडर्ड व्हेलॉसिटी, ४० ग्रेन वजनाची शिशाची गोळी घ्यावी.

महागडी गोळी घेतली की काम झालं, असंही नाही. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटचे (एका वेळी बनवलेल्या मालाचे) ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचे पुंजके, एकाच नळीतून वेगवेगळे पडतात. डबीच्या कडेला छापलेला लॉट नंबर म्हणूनच ब्रँडपेक्षा महत्त्वाचा. मोठे नेमबाज आपली नळी घेऊन लॉट टेस्टिंगला जातात ते उगाच नाही. तुमची नळी कोणता लॉट पचवते, हे नळीलाच विचारावं लागतं.

टेस्ट करताना पाच गोळ्यांचा एक सुंदर ग्रुप बघून भाळू नका. रायफल रेस्टवर (टेकणावर) ठेवा, दहा-दहा गोळ्यांचे तीन-चार ग्रुप मारा आणि सगळ्यात वाईट ग्रुपकडे बघा. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं आहे आणि गोळी ५.६ मिमीची. कडेला नुसता स्पर्श झाला तरी दहा मिळतात, म्हणजे भोकाचा मध्य केंद्रापासून ८ मिमीच्या आत हवा. दहाही गोळ्यांचे मध्य १६ मिमीच्या वर्तुळात बसवणारा लॉट मिळाला की पुरे, त्यापुढचा खर्च आधी सरावावर करा. ब्रँड बदलल्यावर पहिल्या दहा-वीस गोळ्या मोजू नका. प्रत्येक कंपनीचं वंगण वेगळं असतं, आणि नव्या वंगणाचा थर नळीत बसायला तेवढ्या लागतात.

१० मीटरवाल्यांसाठी थोडक्यात: चपट्या डोक्याचे पेलेट (छर्रे) घ्या, म्हणजे कागदावर भोक स्वच्छ पडतं. डोक्याचा आकार ४.४९, ४.५० असा डबीवर असतो, तोही तपासून घ्या. स्कर्ट (मागचा पोकळ भाग) चेपलेला पेलेट बाजूला काढा.

ग्रुप अचानक फुटला, तर गोळीला दोष देण्याआधी साइटचे (नेम धरायच्या भागाचे) आणि स्टॉकचे (दस्त्याचे) स्क्रू तपासा. मग हवामान बघा. डिसेंबरच्या सकाळी पुण्यात पारा दहा-बारापर्यंत उतरतो, एप्रिलच्या दुपारी चाळिशीला टेकतो. गोळीचा वेग त्याप्रमाणे बदलतो आणि झिरो (नेम धरला तिथेच गोळी लागावी अशी साइटची जुळणी) हलतो. उन्हात उभ्या गाडीत डबी ठेवली, तर गोळीवरचं मेण वितळून केसवर ओघळतं. बोटांना ती चिकटपणावरूनच कळते. अशी डबी मॅचला नेऊ नका.

ट्रिगर दाबूनही आवाज आला नाही, तर बोल्ट (नळी मागून बंद करणारा खटका) लगेच उघडू नका. नळी टार्गेटकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबा आणि रेंज ऑफिसरला हाक मारा. काडतूस बाहेर काढल्यावर केसच्या कडेवरची फायरिंग पिनची खूण बघा. ती पुसट असेल, तर शंका रायफलवर. खूण खोल असेल, तर त्या जागी प्रायमर (आघाताने पेट घेणारं मिश्रण) पोहोचलेलाच नसण्याची शक्यता जास्त. आणि आवाज फुसका आला, टार्गेटवर भोकही नाही, तर गोळी नळीत अडकली आहे असंच धरा. रायफल रिकामी करून, रॉड घालून नळी मोकळी असल्याची खात्री झाल्याशिवाय पुढचं काडतूस भरू नका.