ऑक्सिजन धातूवर बसताना सुटणारे इलेक्ट्रॉन कसे मोजायचे

धातू तापवला नाही, त्याच्यावर उजेड पाडला नाही, तरी नुसता ऑक्सिजन येऊन चिकटला की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, हे काउंटरवर पहिल्यांदा बघताना खरंच अंगावर काटा येतो. रेणू जवळ येतो तशी त्याची रिकामी एनर्जी लेव्हल फर्मी लेव्हलच्या (धातूतल्या इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या लेव्हल्सची वरची हद्द) खाली उतरते, धातूतला एक इलेक्ट्रॉन त्यात पडतो, आणि मोकळी झालेली एनर्जी दुसऱ्या इलेक्ट्रॉनला मिळते, ती वर्क फंक्शनपेक्षा (इलेक्ट्रॉनला धातूबाहेर पडायला लागणारी कमीत कमी एनर्जी) जास्त असली तर तो बाहेर. बर्लिनला गेऱ्हार्ड एर्टल (2007 चं केमिस्ट्रीचं नोबेल) यांच्या ग्रुपने सिझियमवर ह्याचं बारकाईने काम केलंय.

सुरुवात सिझियमनेच करा, वर्क फंक्शन जेमतेम 2.1 इलेक्ट्रॉन व्होल्ट. चेंबर आधी नीट बेक करा, म्हणजे भिंतींना चिकटलेली वाफ निघून जावी म्हणून तापवत ठेवा, दीड-दोन दिवस, आणि 10⁻¹⁰ टॉरपर्यंत (टॉर हे प्रेशरचं एकक) व्हॅक्यूम आल्याशिवाय पुढे जाऊच नका, नाहीतर उरलेली वाफच आधी चिकटून बसते. सिझियम डिस्पेन्सरमधून (तापवल्यावर सिझियमची वाफ सोडणारी पट्टी) सॅम्पलवर चढवा, पण सॅम्पल लिक्विड नायट्रोजनने थंड ठेवून, कारण रूम टेम्परेचरला पहिल्या थराच्या वर ते नीट टिकत नाही.

सॅम्पलला उणे 20-30 व्होल्ट द्या म्हणजे इलेक्ट्रॉन चॅनलट्रॉनकडे (एकेक इलेक्ट्रॉन मोजणारा डिटेक्टर) ढकलले जातील. लीक व्हॉल्व्हने (अगदी थोडा थोडा गॅस आत सोडणारा व्हॉल्व्ह) ऑक्सिजन 10⁻⁸ टॉरवर सोडला की 100 सेकंदांत 1 लँगम्युअर (10⁻⁶ टॉर गुणिले 1 सेकंद) डोस होतो. घाई करून प्रेशर वाढवलंत तर काउंट वर जाऊन परत खाली येतो तो सगळा भाग हातातून निसटतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. साधारण 590 नॅनोमीटरपेक्षा कमी वेव्हलेंग्थचा उजेड सिझियममधून आपणहून इलेक्ट्रॉन काढतो, म्हणजे पिवळा-हिरवा-निळा सगळाच, आणि आयन गेजचा (व्हॅक्यूममधलं प्रेशर मोजणारं उपकरण) फिलामेंट तर उजेडही देतो आणि इलेक्ट्रॉनही, माझे दोन आठवडे ह्याच खोट्या काउंटमागे गेले. म्हणून खिडक्यांना ॲल्युमिनियम फॉइल लावा, प्रेशर आधी बघून घ्या आणि मोजताना गेज बंद ठेवा.

मग व्हॉल्व्ह बंद करून बघा, काउंट लगेच पडायला हवा. आणि नव्या ताज्या थरावर तेवढ्याच प्रेशरला आर्गॉन सोडा, तो इलेक्ट्रॉन घेतच नाही, तेव्हा काउंट आला तर अजून कुठूनतरी उजेड शिरतोय, तो शोधा.

हे जमलं की मॅग्नेशियमकडे वळा, वर्क फंक्शन 3.66 इलेक्ट्रॉन व्होल्ट, काउंट बरेच कमी मिळतील, तिथे जास्त वेळ मोजावं लागतं.